मल्टीचे तास: स्वस्त कुठे, कामाचे कुठे?

पायलट होताना सिंगल इंजिनवरचे उड्डाणाचे तास जुन्या सेसना 152 वरही भरतात. खिसा खरा रिकामा होतो तो मल्टीला, म्हणजे एकाहून जास्त इंजिनांच्या विमानाला. दोन इंजिनं म्हणजे इंधन दुप्पट, ओव्हरहॉल दोन, विमा चढा. त्यामुळे फ्लोरिडा, टेक्सस, अ‍ॅरिझोनातल्या फ्लाइंग स्कूलांची ‘मल्टी टाइम बिल्डिंग’ (मल्टीचे तास भरून देणारी) पॅकेजं पायलट होऊ पाहणाऱ्या मुलांच्या डोळ्यांत भरतात आणि इकडे पालक डॉलरला रुपयांनी गुणत बसतात.

दर बघण्याआधी एक गोष्ट ठरवा: हे लॉगबुक (उड्डाणाच्या तासांची नोंदवही) शेवटी कुणाच्या टेबलावर जाणार आहे?

अमेरिकेतच राहायचं असेल (ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असलेली न्यू जर्सी, कॅलिफोर्नियातली आपली मुलं यात आली), तर दोन आकडे महत्त्वाचे. मल्टी एटीपीला (एअरलाइन पायलटचं सर्वोच्च लायसन्स) मल्टीचे 50 तास लागतात. त्यातले जास्तीत जास्त 25 मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातल्या फुल फ्लाइट सिम्युलेटरवर चालतात. मल्टीचा इन्स्ट्रक्टर, म्हणजे एमईआय, व्हायला मल्टीवर 15 तास पीआयसी (पायलट-इन-कमांड म्हणून) पुरतात. भारतात परतायचं असेल तर गणितच वेगळं. डीजीसीएच्या (भारताचं विमान वाहतूक नियामक) सीपीएलला, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्सला, एकूण 200 तास आणि आपल्याकडची प्रचलित विभागणी 185 सिंगल, 15 मल्टी. पुढे एअरबस 320 च्या टाइप रेटिंगला (ते ठरावीक विमान उडवायचं प्रशिक्षण आणि परवानगी) जाणाऱ्याच्या लॉगबुकात सेमिनोलचे (दोन इंजिनांचं छोटं विमान) 15 तास आहेत की 65, याने माझ्या मते फारसा फरक पडत नाही. तेवढ्या पैशांत टाइप रेटिंगचा एखादा हप्ता निघेल.

तरीही तास हवेतच असं ठरलं, तर पहिली निवड: एकट्याने भाड्याने घ्यायचं की जोडीदारासोबत?

हिशेबासाठी इंधनासकट ताशी 400 डॉलर धरू. एकट्याने 50 तास म्हणजे 20,000 डॉलर. मुळात कमी तासांच्या पायलटला मल्टी एकट्याने द्यायला बहुतेक शाळांचा विमाच आड येतो. त्या प्रकारच्या विमानावर आधी अमुक तास असल्याशिवाय किल्ली मिळत नाही. जोडीने गेलात तर एक जण हूड (बाहेरचं दिसू न देणारी डोळ्यांवरची झापड) लावून इन्स्ट्रुमेंटवर उडवतो, दुसरा सेफ्टी पायलट म्हणून बाहेर नजर ठेवतो, आणि एफएएच्या (अमेरिकी विमान वाहतूक नियामक) नियमांत दोघांनाही पीआयसी लिहिता येतो. अट अशी की सेफ्टी पायलटकडेही मल्टीचं रेटिंग हवं आणि त्या वेळी विमानाची कायदेशीर जबाबदारी त्याने घेतलेली हवी. खर्च निम्मा, माणशी 10,000.

जाहिरातीत इथेच थांबतात. पण सेफ्टी पायलटचा वेळ समोरच्याने हूड लावलेला असेल तेवढाच मोजला जातो. टॅक्सी, रन-अप (उड्डाणाआधीची इंजिन तपासणी), टेक-ऑफ, लँडिंग यातलं काही त्याच्या वाट्याला येत नाही. दोन तासांच्या फेरीत हूड साधारण 1.7 तास राहिला, तर उडवणाऱ्याला 2.0 आणि शेजारच्याला 1.7. निम्मं निम्मं उडवलं तर 50 तासांच्या बिलात तुमच्या लॉगबुकात 46 च्या आसपास पडतात. शिवाय सेफ्टी पायलटला क्रॉस-कंट्री (दुसऱ्या विमानतळापर्यंतचं उड्डाण) लिहिता येत नाही, ते टेक-ऑफ ते लँडिंग उडवणाऱ्याचं. एवढं धरूनही अमेरिकेत राहणाऱ्यासाठी याहून स्वस्त भाडं मला दिसत नाही.

भारतात परतणाऱ्याला मात्र हाच सौदा अंगाशी येऊ शकतो. एका विमानात एकाच वेळी दोन पीआयसी ही अमेरिकी नियमांतली सोय आहे. डीजीसीएकडे कन्व्हर्जनला (परदेशी लायसन्सवरून भारतीय लायसन्स घ्यायला) जाताना सेफ्टी पायलटचे तास मोजले जातील हे गृहीत धरून एक डॉलरही भरू नका. शाळेतला सेल्सवाला ‘सगळ्या इंडियन स्टुडंट्सचं होतं’ म्हणेल. त्याच्या म्हणण्याला डीजीसीएच्या काउंटरवर काही किंमत नाही. परतणाऱ्याने 15 तासच घ्यावेत, पण स्वतः उडवलेले आणि लॉगबुकात प्रत्येक ओळ स्वच्छ असलेले.

आता विमान. टाइम बिल्डिंगला सगळ्यात जास्त भेटतं ते पायपर सेमिनोल. 180 अश्वशक्तीची दोन लायकमिंग इंजिनं, प्रॉपेलर एकमेकांच्या उलट फिरणारे, त्यामुळे ‘क्रिटिकल इंजिन’ (जे बंद पडलं तर विमान सांभाळणं जास्त अवघड जातं ते) असा प्रकार नाही. दोन्ही इंजिनं मिळून तासाला 20 गॅलनच्या आसपास अ‍ॅव्हगॅस पितात. डायमंड डीए 42 जेट इंधनावर चालतं आणि पितं बरंच कमी, पण विमान महाग असल्याने इंधनात वाचलेलं भाड्यात सहसा दिसत नाही. टेकनाम पी2006टी मध्ये 100 अश्वशक्तीची दोन रोटॅक्स. सगळ्यात कमी पिणारं हेच, आणि लॉगबुकात मल्टीचा तास तो मल्टीचाच तास.

नुसते आकडे हवे असतील तर मी टेकनाम घेईन. हात तयार करायचा असेल तर सेमिनोल. सेमिनोलमध्ये इंजिन गेलं की कुठलं गेलं ते पायावरून ओळखायचं (रडरवर ज्या पायाला जोर लागत नाही, त्या बाजूचं), थ्रॉटल मागे घेऊन खात्री करायची, मग त्या बाजूचा प्रॉप (प्रॉपेलर) लिव्हर फेदरला ओढायचा, म्हणजे हवेला अडू नये म्हणून प्रॉपेलरची पाती आडवी वळवायची. चुकीचा ओढला तर चालू इंजिन आपल्याच हाताने बंद. ती अर्ध्या सेकंदाची शंका आणि मग पक्का झालेला हात डीए 42 देत नाही. तिथे इंजिनाला एकच लिव्हर, आणि मास्टर स्विच बंद केला की प्रॉप आपोआप फेदर होतो. अर्थात परतून स्किल टेस्ट डीए 42 वर द्यायची असेल (गोंदियाच्या बिरसी विमानतळावरच्या सीएई-एनएफटीआयकडे हेच मल्टी आहे), तर अमेरिकेतही तेच शोधलेलं बरं.

जुनं पायपर अपाचे दाखवून कुणी फार कमी दर सांगितला तर विमानाकडे नीट बघा. त्याचा हायड्रॉलिक पंप डाव्या इंजिनावर असतो. डावं इंजिन बंद पडलं तर चाकं खाली काढायला हातपंप मारत बसायचं, तेही एका इंजिनावर विमान सरळ धरून. शिकायला मजेदार आहे, पण ठरल्या तारखेत तास संपवायला नाही.

जागेचं थोडक्यात. फ्लोरिडा समुद्रसपाटीला, पण उन्हाळ्यात दुपारी गडगडाटी पाऊस ठरलेला. जून ते सप्टेंबरात पहाटेचेच स्लॉट घ्या. अ‍ॅरिझोनात आकाश मोकळं, मात्र उंची आणि उष्णता दोन्ही नडतात. प्रेस्कॉटची धावपट्टीच सुमारे 5,000 फुटांवर आहे, आणि पूर्ण वजनाचं सेमिनोल एका इंजिनावर 4,000 फुटांच्या आसपासच जेमतेम चढतं.

तिसरा रस्ता भाड्याचाच नाही. एमईआय झालात की विद्यार्थी पैसे भरतो आणि तास तुमच्या लॉगबुकात पीआयसी म्हणून पडतात. एटीपीचे 50 भरून काढायला याला तोड नाही. पण मल्टी रेटिंग मिळण्याआधी इन्स्ट्रक्टरसोबत केलेले तास त्या 15 पीआयसीत धरता येत नाहीत, आणि शिकवून पैसे मिळवायला कामाचा हक्क लागतो. एम-1 या विद्यार्थी व्हिसावर प्रॅक्टिकल ट्रेनिंग (शिक्षणानंतर कामाची मुभा) फार तर सहा महिने मिळतं, एफ-1 या दुसऱ्या विद्यार्थी व्हिसावर तीच मुभा (ओपीटी) 12 महिने. एवढ्यात विद्यार्थी मिळून तास भरतीलच याची हमी कुणी देत नाही. नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्याने मात्र 15 तास जोडीने पूर्ण करावेत आणि बाकीचे शिकवून. 50 तासांचं पॅकेज त्याने घेऊच नये.

‘दहा दिवसांत 50 तास’ असं लिहिलेलं असेल तर शाळेकडे मल्टी किती आहेत ते विचारा. शिकवणीला दिलेल्या विमानाची दर 100 तासांनी तपासणी सक्तीची असते. रोज आठ तास उडणारं एकुलतं एक सेमिनोल दोन आठवड्यांत हँगरमध्ये जाऊन बसतं आणि तुमचं हॉटेलचं बिल चालू राहतं. पुढची तपासणी किती तासांवर आली आहे हे विमानाच्या लॉगमध्ये दाखवा म्हणावं. बिल हॉब्सवर (इंजिन चालू असलेला वेळ मोजणारा मीटर) आहे की टॅकवर (इंजिनाच्या फेऱ्यांवरून वेळ मोजणारा), दर इंधनासकट आहे की सोडून, सोबत इन्स्ट्रक्टर सक्तीचा आहे का, हे ईमेलवर लेखी घ्या. सक्तीचा असेल तर दोन पीआयसीचं गणित तिथेच मोडतं आणि त्याची ताशी फी वर चढते. पैसे दहा-दहा तासांच्या ब्लॉकने भरा. सगळे आगाऊ भरले तर पाच टक्के सूट देतो म्हणणाऱ्याला आधी न उडवलेल्या तासांच्या परताव्याची अट करारात लिहायला सांगा.