भरतीच्या पोरांना विकलं जाणारं ‘ॲसिड काढायचं’ पॅकेज

पोलीस भरतीची तयारी करणारं कुणी घरात असेल तर हे शेवटपर्यंत वाचा. माझ्या धाकट्या भावाचे पाय दुखत होते, एवढ्या भांडवलावर आमच्याकडून साडेसात हजार रुपये उकळले गेले. आईने ते बचत गटातून उचलले होते.

भाऊ लातूरला एका अकॅडमीत आहे. मैदानी चाचणीचे ५० गुण, त्यातले २० एकट्या १६०० मीटर धावण्याचे. ग्राउंड निघालं तरच लेखी परीक्षा, म्हणून पोरांचा सगळा जीव पायांत असतो. नव्या बॅचला पहिल्याच आठवड्यात टेकडीवर चढ-उतार आणि वर बैठकांचा मारा. दुसऱ्या दिवशी त्याला जिना उतरवेना, खाली बसायचं तर भिंत धरावी लागे. त्याच दिवशी अकॅडमीशेजारच्या ‘रिकव्हरी सेंटर’चा माणूस मैदानावर येऊन मोफत तपासणीची चिठ्ठी देऊन गेला.

पैसे भरायला मीच गेले होते, त्यामुळे तपासणी डोळ्यांनी पाहिली. लॅपटॉपला वायरने जोडलेली स्टीलची एक कांडी. नाव, वय, उंची, वजन टाकायचं, पोराने कांडी मुठीत मिनिटभर घट्ट धरायची, की रंगीत पानांचा गठ्ठा बाहेर. त्यातल्या एका पानावर लाल पट्टी: ‘लॅक्टिक ॲसिड – धोकादायक पातळी’. त्या पट्टीवर पेनाने गोल करून तो माणूस मला म्हणाला, ‘ताई, पोराच्या पायात ॲसिड साचलंय. आत्ता काढलं नाही तर ऐन ग्राउंडच्या दिवशी पाय धरतील. मग वर्ष गेलं म्हणून समजा.’ त्यावर पॅकेज: पायांना पट्ट्या लावून करंट द्यायची सेशन्स आणि दुधातून घ्यायची पुडी. पावती मागितली तर म्हणाला, पॅकेज पूर्ण झालं की एकदम देतो.

चार-पाच दिवसांत पाय मोकळे झाले आणि सगळ्यांना वाटलं, गुण आला. पण पुडीने भावाच्या पोटात जळजळ सुरू झाली, म्हणून त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पुडी हातात घेतली. ना नाव, ना लायसन्स नंबर, ना बॅच. ती जागेवर बंद केली आणि आम्हाला फिजिओथेरपीच्या मॅडमकडे पाठवलं. अशा बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड आणि वेदनाशामक गोळ्यांची भुकटी मिसळलेली सापडल्याची उदाहरणं आहेत, हे मला तिथेच कळलं.

मॅडमनी जे सांगितलं ते प्रत्येक अकॅडमीच्या फळ्यावर लिहायला हवं. धावताना वाढलेलं लॅक्टिक ॲसिड साधारण तासाभरात शरीर स्वतःच निपटून टाकतं. दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याशी त्याचा संबंध नाही. ते दुखणं सवय नसलेल्या स्नायूला लांबत असताना भार पेलावा लागल्याने, त्याच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांमुळे येतं. म्हणूनच टेकडी चढण्यापेक्षा उतरणं जास्त भोवतं. आणि ही काही कालची गोष्ट नाही. थिओडोर हफ या अमेरिकन अभ्यासकाने १९०२ सालीच हे दुखणं स्नायूच्या आतल्या इजेचं असल्याचं मांडलं होतं. ते एक ते तीन दिवसांत सर्वांत जास्त होतं आणि आठवड्याभरात आपोआप ओसरतं. म्हणजे पॅकेज घेतलं नसतं तरी भाऊ त्याच सुमाराला बरा झाला असता. या धंद्याचं सगळं गणित यावरच बसलेलं आहे, आणि पोरांच्या भीतीवर तो चालतो याचा मला मनस्वी राग आहे.

मालिश, गार पाण्यात पाय बुडवणं, हळूहळू चालणं यांनी थोडा आराम पडतो. स्ट्रेचिंगने जवळजवळ काही फरक पडत नाही, हे मोठ्या आढाव्यांमधून दिसलं आहे. तोच व्यायाम काही दिवसांनी पुन्हा केला की दुखणं कमी येतं, म्हणून सराव हळूहळू वाढवायचा. उन्हात पळून, पाणी कमी पिऊन वर वेदनाशामक गोळ्या घ्यायच्या नाहीत, मूत्रपिंडावर येतं. आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, पाय सुजले, ताकदच गेली, तर घरी थांबायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना.

हॉस्टेलवर परतल्यावर भावाने खोलीतल्या पोरांची पानं एकत्र केली. लाल पट्टीतला आकडा सगळ्यांचा दशांशापर्यंत सारखा! त्यात घोट्याला प्लास्टर असलेला एक मुलगा होता, जो कित्येक दिवस मैदानावर पाऊलही टाकू शकला नव्हता. त्याच्याही पायात म्हणे ॲसिड साचलेलं.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे आणि उरलेल्या पुड्या अन्न व औषध प्रशासनाकडे देणार आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. आमच्याकडे पावती नाही, पण पैसे फोनवरून पाठवले होते, त्याची नोंद आहे. तुमच्या पोरानेही अशी कांडी धरली असेल तर ती रंगीत पानं, पुडीचा कागद आणि पैसे दिल्याचा मेसेज फेकू नका. त्याच खोलीतली आणखी तीन पोरं आपल्या पालकांना घेऊन माझ्यासोबत तक्रारीवर सही करायला तयार झाली आहेत.