थ्रॉटल बॉडी ‘बदलली’, 13,300 रुपयांना

लिहायला लाज वाटतेय, तरी लिहितो. गाडी 2008 ची वॅगनआर. सिग्नलला पाय उचलला की बंद पडायची. कात्रजच्या चढावर दोनदा मागच्यांच्या शिव्या खाल्ल्या. थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग. त्यातल्या पाकळीला काजळी धरली की हेच होतं. इंजिनातली तेलकट वाफ नळीवाटे तिथे येते, पाकळीच्या कडेला चिकटते आणि आयडलची, म्हणजे पाय उचलल्यावर इंजिन चालू ठेवणारी, हवा अडते. तीन-चारशेचा स्प्रे, एक फडकं, अर्ध्या तासाचं काम. हे मला माहीत होतं! तरी एका गॅरेजात गेलो.

“काका, बॉडीच गेलीय. साफ करून आठ दिवस निघतील फार तर.”

थ्रॉटल बॉडी 9,400, आयडल व्हॉल्व्ह 2,150, स्कॅनिंग 600, मजुरी 1,200. एकूण 13,350. त्यातले 50 सोडले, केवढे उपकार!

गाडी देताना त्याने बॉनेट उघडून दाखवलं. सगळं चकाचक. थ्रॉटल बॉडीवरच्या सेन्सरच्या स्क्रूवर लाल ठिपका दिसला. दिसला हो मला! दोन वर्षांपूर्वी तो स्क्रू सारखा ढिला व्हायचा, म्हणून आमच्या जुन्या मिस्त्रीने त्यावर माझ्या बायकोचं नेलपॉलिश लावलं होतं. मला वाटलं, कंपनीची खूण असेल. नव्या पार्टवर असतात की रंगाचे ठिपके! शिवाय ऑफिसला उशीर झालेला, गाडीही एका स्टार्टरला सुरू झाली. स्प्रेचा वास येत होता, तोही गिळला.

तीन आठवड्यांनी पुन्हा तेच रडगाणं. जुन्या मिस्त्रीने ठिपका बघितला आणि हसला. आयडल व्हॉल्व्हला तर हातही लागला नव्हता, स्क्रूंवर जुना चिखल तसाच.

जुना पार्ट हातात पडल्याशिवाय पैसे सोडू नका. “तो कंपनीला परत जातो” म्हणाला की तिथेच थांबवा. मलाही हेच सांगितलं होतं. पार्ट नंबर नसलेलं बिल म्हणजे रद्दी. माझं तर वहीच्या कागदावर होतं. आणि घरी साफ करणार असाल तर नव्या गाड्यांतली मोटरवाली पाकळी बोटाने ढकलू नका, तो खर्च वेगळाच.

चौकीत पहिल्या दिवशी “साहेब राउंडला गेलेत”. दुसऱ्या दिवशी “हा दिवाणी मामला, ग्राहक आयोगात जा”. तिथे 5 लाखांपर्यंत फी नाही, कबूल. पण पुरावा म्हणून काय नेऊ, नेलपॉलिशची बाटली? तिसऱ्या खेपेला हवालदाराने निदान वही उघडली.

“बदललेला पार्ट कुठाय?”

“बदललाच नाही, तीच तर तक्रार आहे.”

“म्हणजे तुमचा पार्ट तुमच्याच गाडीत आहे?”

“हो.”

“मग चोरीला काय गेलं?” म्हणत त्याने वही मिटली.