गावचा आरओ प्लांट: ताशी १,००० लिटरचं यंत्र, पाच रुपयांची कॅन

यवतमाळच्या केळापूर, झरी-जामणी भागात किंवा नांदेडच्या किनवटमध्ये बोअरच्या पाण्यात फ्लोराइड निघालं, की ग्रामपंचायतीपुढे बहुतेक वेळा एकच कोटेशन येतं. ताशी १,००० लिटरचा आरओ प्लांट (दाबाने पाणी बारीक पडद्यातून ढकलून क्षार काढणारं यंत्र), बाहेर नाण्यावर चालणारं एटीएम आणि ५ रुपयांत २० लिटरची कॅन. या यंत्राला पाचपैकी साडेतीन गुण. फ्लोराइड ते खरोखर काढतं आणि ज्या गावाला दुसरा चांगला स्रोत नाही त्याने ते जरूर घ्यावं. दीड गुण कापला तो कोटेशनमध्ये न दिसणाऱ्या खर्चासाठी. वाया जाणारं पाणी, प्रयोगशाळेतली तपासणी आणि तीनेक वर्षांनी बदलावे लागणारे मेम्ब्रेन (तेच गाळणारे पडदे) हे सगळं शेवटी गावाच्या माथी येतं.

कोटेशन मागवण्याआधी पाणी तपासा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) फ्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला १ मिलीग्रॅम आहे, पर्याय नसेल तर १.५ पर्यंत चालतं. नायट्रेटची मर्यादा ४५, तिथे सूट नाही. या दोन दोषांची मुळं वेगळी आहेत आणि खर्चाचा सगळा फरक तिथेच पडतो. फ्लोराइड खडकातून विरघळून येतं, म्हणून ते बहुधा खोल बोअरमध्ये जास्त सापडतं. तो खडक कुणी धुऊन काढू शकत नाही. नायट्रेट वरून झिरपतं: युरिया, उकिरडा, संडासाचे खड्डे. ते उथळ विहिरीत आधी दिसतं. नुसतं नायट्रेट वाढलेलं असेल, तर विहिरीलगतचा उकिरडा हलवणं आणि संडासाचा खड्डा दूर नेणं हे प्लांटपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. पाणी सुधारायला काही पावसाळे जातात, तोवर बाळांसाठी (नायट्रेटचा धोका त्यांना जास्त) दुसरं पाणी आणावंच लागेल. उकळून उपयोग नाही. पाणी आटतं आणि नायट्रेट उलट दाट होतं.

यंत्राची रचना साधी आहे: कच्च्या पाण्याची टाकी, वाळूचा फिल्टर, कार्बन फिल्टर, अँटिस्केलंटचा (चुना बसू न देणाऱ्या रसायनाचा) डोसिंग पंप, ५ मायक्रॉनचं कार्ट्रिज, हाय प्रेशर पंप, ४०४० मापाचे (४ इंच व्यास, ४० इंच लांबी) चार मेम्ब्रेन आणि शेवटी जंतू मारणारा यूव्ही दिवा. बिघाड ठरलेल्या तीन-चार जागीच होतात. अँटिस्केलंटचा कॅन रिकामा राहिला, की जड पाण्यातला चुना शेवटच्या मेम्ब्रेनवर बसतो. शुद्ध पाण्याचा प्रवाह १० टक्क्यांनी घटला, की सायट्रिक ॲसिडच्या २ टक्के द्रावणाने धुवायचं. निम्म्यावर येईपर्यंत थांबलात तर मेम्ब्रेन पूर्ववत होत नाही. दुसरा घात ब्लीचिंग पावडरचा. जलसुरक्षक नियमाप्रमाणे गावच्या टाकीत पावडर टाकतो, प्लांट त्याच टाकीवर जोडलेला असतो आणि क्लोरीन शोषणारा कार्बन संपलेला असेल तर क्लोरीन थेट मेम्ब्रेनवर जाऊन तो जाळतं. प्लांटची जोडणी टाकीच्या आधी, थेट बोअरवरून घ्या.

तिसरी गोष्ट सर्वांत धोक्याची, कारण ती दिसत नाही. पाणी गोड लागावं म्हणून मेकॅनिक बायपासचा कॉक थोडा उघडतो आणि कच्चं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतं. समजा कच्च्या पाण्यात नायट्रेट १२० आहे आणि मेम्ब्रेनमागे १५ उरतं. ३० टक्के कच्चं मिसळलं की कॅनमध्ये ४६.५ होतं, म्हणजे मर्यादेच्या वर. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजणारा मीटर मात्र छान आकडा दाखवत राहतो. त्या मीटरला ना फ्लोराइड कळतं, ना नायट्रेट. बायपास सील करा आणि फ्लोराइड-नायट्रेटची तपासणी वेगळी करा.

आता पैशांचं. हिशेबासाठी चालकाचा पगार महिना ८,००० (रोज २६७ रुपये), वीज ९ रुपये युनिट, मेम्ब्रेन १२,००० रुपयांना एक आणि आयुष्य तीन वर्षं असे दर धरू. तुमच्या गावचे घालून पुन्हा मांडा. रोज २५० कॅन विकल्या तर प्लांट पाच तास चालतो. वीज साधारण १५ युनिट, म्हणजे १३५ रुपये. अँटिस्केलंट ४० ग्रॅम, १० रुपये. कार्ट्रिज १३, मेम्ब्रेन ४४, दुरुस्ती आणि तपासणीसाठी बाजूला ६०. एकूण ५२९ रुपये आणि जमा १,२५०. कॅनमागे खर्च दोन रुपयांच्या थोडा वर. पण पगार, कार्ट्रिज, मेम्ब्रेन आणि दुरुस्ती कॅन कमी गेल्या म्हणून कमी होत नाहीत. रोज ८७ कॅनखाली आलात की तोटा सुरू. प्लांट ७ लाखांचा धरून ती रक्कम दहा वर्षांत वसूल करायची ठरवली, तर हीच रेषा १३० कॅनवर जाते. लहान पाड्याने हा प्लांट एकट्याने घेऊ नये, शेजारच्या दोन गावांत मिळून घ्यावा.

घराच्या बाजूनेही हिशेब करा. जल जीवन मिशनने अशा प्लांटसाठी पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी ८ ते १० लिटर धरलेत. पाच जणांच्या घराला रोज दोन कॅन, वर्षाला ३,६५० रुपये. ऐपत नाही म्हणून घर एकच कॅन घेतं आणि वरण-भात बोअरच्या पाण्यात शिजतो, तेव्हा फ्लोराइड पोटात जातच राहतं. वाकलेली हाडं नंतर कुठल्याही औषधाने सरळ होत नाहीत. म्हणून दुसरी कॅन २ रुपयांना द्यावी. वरच्या हिशेबात तेवढी जागा आहे.

वाया जाणाऱ्या पाण्याबद्दल विक्रेता बोलत नाही. असा प्लांट ढोबळमानाने निम्मं पाणी बाहेर टाकतो. कच्च्या पाण्यात फ्लोराइड ३ असेल तर त्या पाण्यात ते ५.८५ होतं आणि रोज ५,००० लिटर निघतं, म्हणजे वर्षाला साडेदहा किलोंहून जास्त फ्लोराइड. ते बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात सोडलं तर तेच आणखी दाट होऊन पुन्हा वर येणार. संडास, गोठा, फरशी धुवायला वापरा, जनावरांना पाजू नका. या पाण्याची वेगळी टाकी आणि पाइप कोटेशनमध्येच मागा.

ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिनाचा फिल्टर स्वस्त आहे आणि आरओइतकं पाणी वाया घालवत नाही. पण ८ च्या आसपास पीएच असलेल्या पाण्यात त्याची क्षमता घटते आणि कॉस्टिक सोडा आणि ॲसिडने वारंवार धुवावा लागतो. माहितगार माणूस गावात असेल तरच घ्या. टीडीएस ५०० च्या आत आणि फ्लोराइड-नायट्रेट मर्यादेत असेल तर यांतलं काहीच नको, क्लोरीन पुरे.

देखभालीचा करार पाच वर्षांचा करा आणि तो मिळालेल्या शुद्ध पाण्याच्या लिटरवर बांधा, मेकॅनिकच्या भेटींवर नाही. मेम्ब्रेन बदल करारात धरा. पावसाळ्याआधी आणि नंतर कॅनमधल्या पाण्याचा फ्लोराइड-नायट्रेट अहवाल प्लांटच्या दारावर लावायची अट घाला. अहवाल नसेल त्या महिन्याचं बिल अडवा.