लायब्ररी लावू, किंडल घेऊ की ऐकू? ठाणे-वाशी करणाऱ्या एकीचा अनुभव

आमच्या बिल्डिंगमधल्या दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी परवा जिन्यात गाठलं आणि म्हणाल्या, अगं मला परत वाचायला लागायचंय, तू गाडीत वाचत असतेस ना, मग सांग, लायब्ररी लावू का किंडल (ॲमेझॉनचं ई-पुस्तकं वाचायचं यंत्र) घेऊ का ते कानात पुस्तक ऐकायचं ॲप घेऊ, पैसे एकाच गोष्टीवर घालणार आहे मी. मी म्हटलं वहिनी, दोन दिवस द्या, नीट विचार करून सांगते. कारण तिन्ही मी वापरलंय, अजूनही वापरते, आणि प्रत्येकाची जागा वेगळी आहे, चुकीच्या जागी लावलं की पुस्तक अर्धवट राहतं आणि मग आपल्याला वाटायला लागतं की आता आपल्याला वाचवतच नाही. तसं काही नसतं.

आधी माझं रोजचं सांगते म्हणजे पुढचं कळेल. राहायला ठाण्यात वर्तकनगर, नोकरी वाशीला. घरून स्टेशनपर्यंत टीएमटीची बस, रस्ता मोकळा असला तर वीस मिनिटं नाहीतर किती ते विचारू नका, मग नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून वाशी गाडी, साधारण अर्धा तास. गाडी ठाण्याहूनच सुटते म्हणून जरा लवकर पोचलं की बसायला मिळतं, आणि हा बसायला मिळालेला अर्धा तास माझा सगळ्यात चांगला वाचनाचा वेळ आहे, घरी सोफ्यावर बसून सुद्धा मी इतकं सलग वाचत नाही. मी एकदा मोजलं होतं, अर्ध्या तासात माझी साधारण वीस पानं होतात, जाता-येता चाळीस, म्हणजे तीनशे पानांची कादंबरी कामाच्या आठ दिवसांत संपते, तेही शनिवार-रविवार हात न लावता. वेळ मिळत नाही म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे गणित आधी सांगते.

डब्यात लोक काय वाचतात हे बघायची मला सवयच लागलीय. सकाळी पोथी आणि हरिपाठ असतोच, मग स्पर्धा परीक्षेच्या नोट्स घेतलेल्या मुली, इंग्रजीतून मराठीत आलेली सवयी आणि पैशांवरची पुस्तकं खूप दिसतात, ऐतिहासिक कादंबऱ्या कायमच दिसतात, आणि दिवाळीनंतर पार फेब्रुवारीपर्यंत कुणाच्या तरी हातात दिवाळी अंक असतोच. बाकी सगळे मोबाईलवर. पण मोबाईलवर म्हणजे वाचत नाहीत असं नाही हं, माझ्या शेजारी बसणारी एक ताई रोज ऐरोलीपर्यंत फोनवर कथाच वाचते, मी तिला विचारलंय.

तर लायब्ररी. मला यावर जास्त बोलायचंय कारण लोक हिला सगळ्यात आधी बाद करतात. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं आहे, मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे वि. ल. भावे हे त्याच्या संस्थापकांतले, म्हणजे आपल्या गावात सव्वाशे वर्षांहून जास्त काळ लोक पुस्तक घरी नेतायत आणि परत आणून देतायत. मला हे आठवलं की दरवेळी बरं वाटतं. पैशांचं बघाल तर आज तीनशे पानांचं नवीन मराठी पुस्तक तीनशे-चारशे रुपयांच्या खाली क्वचित मिळतं, आणि सार्वजनिक ग्रंथालयांना १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली सरकारी अनुदान असतं त्यामुळे त्यांची वर्गणी आवाक्यात राहते, एकेका पुस्तकाच्या किमतीत काही महिने निघतात. वर डिपॉझिट असतं पण ते परत मिळतं. खाजगी लायब्ररी असेल तर वर्गणी जास्त, पण नवीन पुस्तकं लवकर येतात आणि काही जण घरपोच पण देतात.

पण पैशांपेक्षा मला लायब्ररीचा फायदा वाटतो तो परत करायच्या तारखेचा. विकत घेतलेलं पुस्तक कपाटात आपली वाट बघत बसतं, त्याला घाई नसते. लायब्ररीचं पुस्तक बॅगेत असलं की डोक्यात तारीख असते, आणि तारीख आली की पाच-दहा पानं तरी वाचली जातातच, मग गोष्ट पकड घेते आणि पुढचं आपोआप होतं. दुसरं म्हणजे जुनी पुस्तकं. जी आता छापत नाहीत, दुकानात नाहीत, नेटवरही नाहीत, ती फक्त अशा जुन्या लायब्ररीत कापडी बांधणीत सापडतात. मला माझ्या आजीने लहानपणी वाचून दाखवलेलं एक पुस्तक असंच मिळालं, मुखपृष्ठ गेलेलं, पण आतलं पहिलं वाक्य वाचलं आणि आजीचा आवाज आला. तिसरं, दिवाळी अंकांची योजना. मराठीत दिवाळी अंक १९०९ पासून निघतायत, आज इतके निघतात की सगळे विकत घेणं शक्यच नाही, लायब्ररीत एकदा पैसे भरले की पुढचे काही महिने अंक बदलून बदलून नेता येतात. ज्याला खूप दिवसांनी परत सुरुवात करायचीय त्याने अंकापासूनच करावी असं मला मनापासून वाटतं, एक कथा एका प्रवासात संपते, आणि संपवल्याचा आनंद मिळतो ना, तो पुढच्या वाचनाला फार लागतो.

त्रास आहेतच. मी घरी पोचते आठ-साडेआठला, तोपर्यंत घराजवळची लायब्ररी बंद झालेली असते, त्यामुळे माझं पुस्तक बदलणं शनिवारवरच येतं आणि शनिवार चुकला की पुढचा आठवडा जुन्याच पुस्तकावर. गाजलेलं नवीन पुस्तक हवं असेल तर नंबर लावून थांबायचं. जाड कादंबरी उभ्याने धरून वाचता येत नाही, एका हातात वरचं हँडल आणि दुसऱ्या हाताने पाचशे पानं, मनगट भरून येतं. आणि पावसाळ्यात पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालूनच न्यायचं, यावर तडजोड नाही, ते आपलं नाही, आपल्यानंतर दहा जण वाचणार आहेत.

आता किंडल. ज्यांना मुंबईत सीएसएमटीला जायचंय त्यांनी हे जरूर बघावं. तो ३४ किलोमीटरचा रस्ता, १८५३ मधे पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली तोच, आज फास्टने पाऊण तासाच्या आसपास लागतो आणि कर्जत-कसाऱ्याहून आलेल्या गाडीत ठाण्याला चढणाऱ्याला बसायला मिळेल ही आशा नको. तिथे उभ्याने, एका हातात, अंगठ्याने पान उलटत वाचता येईल अशी गोष्ट म्हणजे किंडल, वजन साधारण दोनशे ग्रॅमच्या आसपास. पाचशे पानांची कादंबरी काय आणि पन्नास पानांची काय, वजन तेवढंच. स्क्रीन फोनसारखी डोळ्यांवर येत नाही, कारण त्यात ई-इंक, म्हणजे कागदावरच्या शाईसारखी दिसणारी अक्षरं असतात, पान एकदा उमटलं की तसंच राहतं आणि बॅटरी मुख्यतः पान उलटताना खर्च होते, म्हणून चार्जिंग दिवसांनी नाही तर आठवड्यांनी करावं लागतं. आणि अक्षर मोठं करता येतं. चाळिशी लागलेल्या कुणालाही विचारा ही किती मोठी गोष्ट आहे, आपली कित्येक जुनी पुस्तकं इतक्या बारीक टायपात छापलीयत की चष्मा लावूनही ओळ सुटते.

मराठी पुस्तकं किंडलवर डिसेंबर २०१६ पासून मिळायला लागली. नवीन पुस्तकं, भाषांतरं, चरित्रं बऱ्यापैकी आहेत. पण आपल्या मनातली यादी घेऊन बसलात तर अर्धी सापडणार नाही, जुन्या प्रकाशकांची कितीतरी पुस्तकं अजून ई-बुक झालेलीच नाहीत. म्हणून घ्यायच्या आधी एक काम करा, तुम्हाला खरोखर वाचायची आहेत अशी दहा नावं कागदावर लिहा आणि किंडलच्या दुकानात शोधा, सहा-सात मिळाली तर पुढे विचार करा, दोन-तीनच मिळाली तर पैसे ठेवून द्या. आणि किंडलचं ॲप फोनवर फुकट आहे, नमुन्याची पहिली काही पानं पण फुकट असतात, आधी ते वाचून बघा.

फुकटावरून आठवलं, आपल्याकडे लेखक गेल्यानंतर ६० वर्षांनी लिखाण सगळ्यांसाठी मोकळं होतं. म्हणजे साने गुरुजी, हरि नारायण आपटे, राम गणेश गडकरी (ज्यांच्या नावाचं रंगायतन नाट्यगृह ठाण्यात तलावपाळीला आहे तेच) यांचं सगळं लिखाण कायदेशीरपणे फुकट वाचता येतं, मराठी विकिस्रोत या फुकट वेबसाइटवर बरंच आहे. शिवाय ठाण्याचंच ई साहित्य प्रतिष्ठान नव्या लेखकांची मराठी ई-पुस्तकं फुकट देतं. फक्त जुन्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ किंडलच्या छोट्या स्क्रीनवर वाचायला जाऊ नका, पान जसंच्या तसं फोटोसारखं येतं, अक्षर मोठं करायला गेलं की ओळ बाहेर जाते आणि प्रत्येक ओळीला बोटाने सरकवत बसावं लागतं. त्यासाठी टॅबलेट बरा.

किंडलचं मला एकच मनाला लागतं, वाचून झालेलं पुस्तक बहिणीला देता येत नाही. आमच्या घरात पुस्तक तिच्याकडून माझ्याकडे, माझ्याकडून आईकडे असं फिरतं, आणि आईने समासात पेन्सिलीने केलेल्या खुणा वाचायला मला पुस्तकाइतकंच आवडतं.

ऐकायचं पुस्तक. स्टोरीटेल हे पुस्तकं ऐकायचं ॲप २०१७ मधे भारतात आलं तेव्हापासून त्यात मराठी आहे, आता इतरही ठिकाणी मराठी ऑडिओ मिळतं. तीनशे पानांची कादंबरी ऐकायला दहाएक तास लागतात, म्हणजे ऐकणं माझ्या वाचण्यापेक्षा जरा हळूच आहे. पण याचा खरा उपयोग हात अडकलेले असतात तेव्हा. पोळ्या लाटताना, घोडबंदर रोडला गाडीत अडकल्यावर, संध्याकाळी उपवनला चालताना. ट्रेनमधे मला जमलं नाही, कानात वाक्य, बाहेर दरवाज्यातला गोंधळ, मधेच पुढच्या स्टेशनची अनाउन्समेंट, दहा मिनिटांनी कळायचं की प्रकरण पुढे गेलंय आणि आपण मागेच आहोत. रस्ता ओलांडताना तर दोन्ही कान बंद ठेवूच नका.

काय ऐकायचं तेही महत्त्वाचं. कथा, कादंबरी, आठवणी, प्रवास हे ऐकायला छान, आणि वाचणारा चांगला नट असला तर बोलीभाषेतले संवाद असे उभे राहतात की छापील पानावर मला ते तसे कधी ऐकू आले नव्हते. पण ज्यात नावं, सनावळ्या, मुद्दे आहेत ते पुस्तक छापीलच घ्या, मागे जाऊन बघायला लागतं. वर्गणी महिन्याची असते, ज्या महिन्यात ऐकणार नाही त्या महिन्यात बंद करा, विसरलात तर पैसे जातच राहतात.

पण माझ्या सासूबाईंसाठी ऑडिओ म्हणजे वेगळीच गोष्ट झाली. आयुष्यभर दुपारी पुस्तक घेऊन बसणारी बाई, डोळ्यांचं दुखणं वाढलं आणि वाचन सुटलं, त्या बोलायच्या पण कमी झाल्या. मुलाने स्पीकर लावून दिला. आता दुपारी जेवण झालं की त्यांच्या खोलीतून गोष्ट ऐकू येते आणि रात्री जेवताना त्या आम्हाला कुणाचं काय झालं ते सांगतात. घरात असं कुणी असेल तर बाकीची तुलना करूच नका, हे आधी घ्या.

विकत घेण्याबद्दल थोडक्यात, जे दुसऱ्यांदा वाचणार ते घ्या, कविता घ्या, मुलांची पुस्तकं घ्या. बाकीचं आधी लायब्ररीतून वाचून बघा.

मग वहिनींना काय सांगितलं. त्यांची नोकरी ऐरोलीला, गाडीत जेमतेम दहा मिनिटं, तेवढ्यात कादंबरी रंगत नाही. चष्म्याचा नंबर वाढलाय. संध्याकाळी दीड-दोन तास स्वयंपाकघरात. मी म्हटलं वहिनी, किंडल आत्ता नको, तुमचा उभ्याने वाचायचा प्रवासच नाहीये, आधी लायब्ररी लावा आणि दिवाळी अंकांपासून सुरू करा, रात्री झोपायच्या आधी एक कथा, आणि स्वयंपाकाच्या वेळेसाठी एकच महिना ऑडिओ घेऊन बघा. दोन्ही मिळून सुद्धा किंडलपेक्षा खूप कमी खर्च आहे. तीन महिने टिकलं आणि बारीक टाईप त्रास द्यायला लागला तर मग किंडल, तेव्हा दहा नावांची यादी करू आपण बसून. हेच तुम्ही सीएसएमटी किंवा अंधेरीकडे उभ्याने जाणारे असतात तर मी उलट क्रमाने सांगितलं असतं.

त्यांनी शनिवारी माझ्याबरोबर यायचं ठरवलंय. तुम्हीही जाणार असाल तर पत्त्याचा पुरावा, एक-दोन फोटो आणि डिपॉझिटचे पैसे बरोबर ठेवा, साप्ताहिक सुट्टी कधी असते ते आधी फोन करून विचारा, आणि पहिल्याच दिवशी काउंटरवरच्या माणसाला सांगा की तुम्हाला आधी काय आवडलं होतं, ते लोक कपाटाकडे न बघता चार नावं सांगतात.