घरी सिनेमा पाहायचा तर डिस्क घ्यावी की डाउनलोड?

जो सिनेमा पुन्हा पुन्हा पाहणार, त्याची डिस्कच घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. ४के ब्लू-रे डिस्कमध्ये ६६ किंवा १०० जीबीपर्यंत जागा असते; डाउनलोडची फाइल त्यामानाने बरीच दाबून बसवलेली असते. अंधारातला एखादा प्रसंग लावून बघा. डाउनलोडमध्ये काळोखात पट्टे आणि चौकोन दिसायला लागतात. डिस्कवर सावलीतल्या भिंतीचे पोपडेसुद्धा ओळखू येतात.

दुसरा मुद्दा मालकीचा. ‘खरेदी करा’ असं बटण असलं, तरी बहुतेक ठिकाणी आपल्याला मिळतो तो फक्त पाहण्याचा परवाना. मी पैसे मोजून घेतलेला एक सिनेमा असाच माझ्या खात्यातून गेला, त्याची हळहळ अजून वाटते. डिस्क कपाटात राहते, मैत्रिणीला देता येते.

एकदाच पाहायचा असेल तर डाउनलोड बरं. जागा लागत नाही, मध्यरात्रीही मिळतं.

डिस्क घेताना मात्र रीजन, म्हणजे ती जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालते त्याचा कोड, तपासा. साध्या ब्लू-रेसाठी भारत ‘सी’मध्ये येतो, अमेरिका ‘ए’मध्ये, तिकडून भाच्याने आणलेली डिस्क इथल्या प्लेअरवर अडू शकते. ४के डिस्कला ही कटकट नसते. आणि पुसायची झाली तर मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको.