एजंटला आमची तारीख माहीत होती

पुण्यात धनकवडीतलं आमचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं, इमारतीला लिफ्ट नाही. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर त्या तीन महिने खाली उतरल्याच नाहीत. जिन्याला 56 पायऱ्या. दवाखान्यात न्यायचं म्हणजे खुर्चीत बसवून दोघांनी उचलायचं. तेव्हाच ठरवलं की हे घर विकायचं आणि कोथरूडला नणंदेच्या जवळ लिफ्ट असलेलं घ्यायचं. आधी नवं घेऊन मग जुनं सावकाश विकण्याइतके पैसे आमच्याकडे नव्हते. जुन्याचे 62 लाख आणि वर 30 लाखांचं कर्ज, यातच 85 लाखांचं घर, सात टक्के मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी बसवायची होती.

दोन्ही व्यवहारांना एजंट एकच घेतला. "वहिनी, तुम्हाला दोन ठिकाणी धावपळ कशाला, मी दोन्ही बाजू सांभाळतो," असं तो म्हणाला आणि आम्हाला ते सोयीचं वाटलं. गिऱ्हाईकही त्यानेच आणलं. नवराबायको दोघं नोकरी करणारी, सरळ माणसं. साठेखत, म्हणजे पुढे विक्री करायचा करार, नोंदवलं; त्यात ताबा 90 दिवसांत द्यायचा असं लिहिलं. त्या साठेखताची एक प्रत एजंटच्या बॅगेत होती. घर कधी सोडायचं, हातात किती पैसे येणार, कर्ज किती मंजूर झालंय, आमची सगळी नड त्याला आकड्यांसकट ठाऊक होती.

पहिले चाळीस दिवस त्याने दाखवलेली घरं घेण्यासारखी नव्हतीच. एकाची लिफ्ट बंद, दुसऱ्याचा भाव आवाक्याबाहेर. आता मला वाटतं, ते दिवस मुद्दाम घालवले. ऐन गणपतीत त्याने कोथरूडचा हा फ्लॅट दाखवला. मालक साठीचे, शांत बोलणारे. सासूबाईंना हाताला धरून आत नेलं, चहा दिला. सासूबाईंनी हॉलमधला कोनाडा वितीने मोजला. अडीच वीत भरला. "आपला देव्हारा बसतो गं," त्या मला हळूच म्हणाल्या. त्यांचा तो चेहरा बघून माझं मन तिथेच बसलं.

त्याच रात्री एजंटचा फोन. दुसरी पार्टी उद्या अकरा वाजता चेक घेऊन येतेय, तुमचा निर्णय काय? शिवाय, जुनं घर विकल्यावर लगेच नवं घेतलं नाही तर सरकार वीस टक्के कापून घेतं, असंही त्याने सांगितलं. आम्ही घाबरलो. सीएंना विचारायचं सुचलं ते खूप नंतर, आणि त्यांनी पाच मिनिटांत समजावलं. कर विक्रीच्या रकमेवर नसतो, झालेल्या नफ्यावर असतो. 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 54 प्रमाणे जुनं घर विकल्यापासून नवं घ्यायला दोन वर्षं मिळतात. रिटर्न भरायच्या मुदतीपर्यंत पैसे वापरले गेले नाहीत तर ते बँकेत कॅपिटल गेन्सच्या खास खात्यात ठेवता येतात. म्हणजे वर्षभर भाड्याने राहून निवांत घर शोधता आलं असतं. ती दोन वर्षं आमच्या हक्काची होती आणि आम्ही दोन दिवसांत पैसे दिले.

गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी 3 लाख दिले. चार दिवसांनी आणखी 9 लाख, कारण मालकांना "कागद मोकळे करायला" हवे होते. हा शब्द ऐकून तरी आम्ही थांबायला हवं होतं. 500 रुपयांच्या स्टँपपेपरवर इसारपावती केली, नोटरी केली, शिक्का बघून हायसं वाटलं. पण नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. दुय्यम निबंधकांच्या दप्तरात त्या पावतीची काहीही खूण नसते. मूळ खरेदीखत मागितलं तर लॉकरमध्ये आहे म्हणाले आणि झेरॉक्स दिली. साठेखत कधी करायचं विचारलं तर "पितृपक्षात नको, घटस्थापनेला करू." आमच्या घरात हे पाळतात, त्यामुळे शंका आलीच नाही.

कर्जासाठी बँकेच्या वकिलांनी सर्च घेतला, म्हणजे निबंधकांकडच्या त्या फ्लॅटच्या जुन्या नोंदी तपासल्या. त्यांचा फोन आला तेव्हा मी स्टीलचे डबे वर्तमानपत्रात गुंडाळत होते. त्या फ्लॅटचं मार्चमध्येच दुसऱ्या एका माणसाशी साठेखत नोंदवलेलं होतं. त्याच्याही आधीची एका बँकेची नोटीस ऑफ इंटिमेशन होती. घराचे मूळ कागद बँकेकडे ठेवून कर्ज काढलं की महाराष्ट्रात 30 दिवसांच्या आत ही नोटीस निबंधकांकडे द्यावी लागते, आणि ती नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये दिसते. जिल्हा, गाव आणि सर्व्हे नंबर टाकायचा. सर्व्हे नंबर आमच्या हातातल्या झेरॉक्सवरच छापलेला होता. मूळ खरेदीखत लॉकरमध्ये नव्हतं, तारण म्हणून बँकेत पडलं होतं.

संध्याकाळी आम्ही सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेलो. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "तुम्ही तिसरे." एक कुटुंब एप्रिलमध्ये येऊन गेलं होतं, एक जुलैत. फ्लॅट बघायला दोनदा गेलो तेव्हा लिफ्टशेजारी त्यांच्या नावाची पाटी मी वाचली होती. दार वाजवलं नव्हतं.

नंतरचं थोडक्यात सांगते. एजंट म्हणाला, मी फक्त गाठ घालून दिली. आमच्या विक्रीच्या दलालीचे 62 हजार त्याने आधीच घेतले होते. चौकीत प्रकरण दिवाणी आहे म्हणाले, म्हणून आर्थिक गुन्हे शाखेकडे अर्ज दिलाय. मालकांनी 6 लाखांचा चेक दिला, तो वटला नाही. चेक परत आल्यापासून 30 दिवसांत नोटीस द्यावी लागते आणि पुढे 15 दिवस वाट बघावी लागते. तसं सगळं करून निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 खाली चेक न वटल्याची केस टाकली आहे. तारखा पडताहेत. आमच्या गिऱ्हाइकाचा यात काही दोष नव्हता, त्यांचाही भाडेकरार संपत होता. नव्वदाव्या दिवशी आम्ही किल्ल्या दिल्या. आता कर्वेनगरला तळमजल्यावर 24 हजार भाड्याने राहतो. देव्हारा खोक्यात आहे, देव स्वयंपाकघरातल्या फळीवर.

विकणं आणि घेणं एकदम करत असाल तर कळकळीने सांगते, दोन्हीला एक एजंट घेऊ नका, आणि घर कधी सोडायचंय ते नवं घर दाखवणाऱ्या एजंटला कळू देऊ नका. विक्रीच्या साठेखतात ताब्याला सहा महिने मागा. भाव थोडा कमी आला तरी चालेल. टोकनचा एक रुपया द्यायच्या आधी स्वतःच्या वकिलाकडून सर्च घ्या. आता आम्ही एक घर बघतोय, त्याच्या सर्चला वकिलांनी 6 हजार घेतले. मूळ कागद स्वतः हातात घेऊन बघा. बँकेत आहेत असं कळलं तर त्या बँकेचं थकबाकीचं पत्र मागा आणि पैसे मालकाच्या हातात न देता थेट कर्जखात्यात भरा. आणि सेक्रेटरींचं दार वाजवा.

मागच्या महिन्यात तोच फ्लॅट पुन्हा विकायला काढल्याचं नणंदेला दिसलं. मी जाऊन सेक्रेटरींकडे माझा नंबर ठेवला आणि सांगितलं, कोणी चौकशीला आलं तर आधी मला फोन करायला सांगा. परवा एक फोन आला. पलीकडून बाई म्हणाल्या, "उद्या अकरा वाजता चेक द्यायचाय."