फेदर ॲटलस: पीस न उचलता पक्षी ओळखण्यासाठी

अमेरिकेत अंगणात पडलेलं ब्लू जेचं निळं पीस मुलांनी घरात आणून ठेवलं, तरी तो कायद्याने गुन्हा ठरतो. 1918 च्या मायग्रेटरी बर्ड ट्रीटी ॲक्टचं संरक्षण सुमारे 1,100 जातींना आहे आणि आपोआप गळलेल्या पिसालाही त्यात सूट नाही. दंड 15,000 डॉलरपर्यंत, कैद सहा महिन्यांपर्यंत. टोप्यांवरच्या तुऱ्यांसाठी बगळ्यांची कत्तल चालायची, त्या काळातला हा कायदा. पीस गळालेलं की मारलेल्या पक्ष्याचं, हे नुसतं बघून सांगता येत नाही. म्हणून इतका कडक.

पीस जागेवर सोडूनही पक्षी कळावा, यासाठी ‘फेदर ॲटलस’सारखं साधन नाही. ओरेगनमधल्या ॲशलँडच्या सरकारी वन्यजीव न्यायवैद्यक प्रयोगशाळेचं हे संकेतस्थळ मोफत आहे. पिसाशेजारी सेंटिमीटरची पट्टी ठेवा, देठाच्या टोकापासून शेंड्यापर्यंत लांबी बघा आणि फोटो वरच्या बाजूचा घ्या. खालची बाजू बहुधा फिकी असते. तिच्यावरून शोधलंत तर भलताच पक्षी समोर येतो. मग संकेतस्थळावर नक्षी, रंग, लांबी निवडायची. तिथले पिसांचे स्कॅन मापासह असल्याने ताडून बघणं सोपं जातं.

मर्यादा मोठी आहे ती एकच: इथे पंखांची आणि शेपटीची पिसं आहेत, छातीपोटाची मऊ पिसं नाहीत. झिजलेल्या शेंड्यामुळे लांबी कमी भरते, तेव्हा दोन-तीन सेंटिमीटर सैल धरा. तपकिरी-पांढऱ्या पट्ट्यांच्या पिसात टर्की, ससाणा आणि घुबड यांचा घोळ हमखास होतो. पंखाच्या अगदी बाहेरच्या पिसाच्या कडेला कंगव्यासारखे बारीक दाते दिसले, तर ते घुबडाचं.

नाव सापडलं तरी त्या जातीला कायदा लागू आहे का, हे संरक्षित पक्ष्यांच्या यादीत वेगळं बघावं लागतं. हे जातीच्या पानावरच हवं होतं. घरचिमणी, युरोपियन स्टार्लिंग आणि साधं कबूतर या कायद्याबाहेर आहेत. रानटर्कीही बाहेर, पण तिला राज्यांचे शिकारीचे नियम लागतात. गरुडांसाठी 1940 पासून वेगळा कायदा आहे. मेलेले गरुड आणि त्यांची पिसं कोलोरॅडोतल्या नॅशनल ईगल रिपॉझिटरीत जमा होतात आणि तिथून फक्त मान्यताप्राप्त आदिवासी जमातींच्या सदस्यांना धार्मिक कार्यासाठी मिळतात.

देव्हाऱ्यातल्या कृष्णासाठी भारतातून मोरपीस नेणाऱ्यांनी इथे शोधत बसू नये. मोर या अमेरिकी कायद्यात नाही. अडचण भारतातूनच सुरू होते, कारण मोरपिसांच्या निर्यातीवर तिथे बंदी आहे.